‘बघू’ म्हणणारी ४८ माणसं

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी ६७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा गेली चार वर्षं सेक्रेटरी आहे. तीन विंग, २१६ फ्लॅट, साठीच्या पुढची माणसं ११०. त्यांतले ६२ जण आमचे सभासद. रोज सकाळी प्राणायाम, महिन्याला एक व्याख्यान, सभासदांचे वाढदिवस, संक्रांतीला हळदीकुंकू, वर्षाला एक सहल. सगळं छान चाललंय असं जूनपर्यंत वाटत होतं. जूनमध्ये बी विंगमधले एक ७८ वर्षांचे गृहस्थ रात्री बाथरूममध्ये पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तसेच पडून होते. मुलगा कॅनडात. कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी तीनदा बेल वाजवली, दार उघडेना म्हणून वॉचमनला बोलावलं, तेव्हा कळलं. आता ते वॉकर घेऊन घरी आहेत. त्यांना मी स्वतः पाच वेळा संघात यायला सांगितलं होतं. दर वेळी उत्तर एकच, ‘बघू’. कमिटीत यावरून वाद झाला. निम्मे म्हणतात, आता काय हाताला धरून आणायचं का? संघाकडे ४०,००० रुपये शिल्लक आहेत आणि बहुमत कराओकेची साउंड सिस्टिम घ्यावी या बाजूला आहे. जे येत नाहीत त्यांना कसं आणायचं, एवढंच विचारायचंय.*

*— एक सेक्रेटरी, कोथरूड*

सेक्रेटरीसाहेब,

पुण्यात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाच वेळा ‘बघू’ ऐकल्यावर सहाव्यांदा तेच आमंत्रण घेऊन जाऊ नका, एवढं मात्र सांगते. तुम्ही कमी पडलात असं माझं म्हणणं नाही. चार वर्षं फुकटात सेक्रेटरीपद सांभाळणं काय असतं ते मला माहीत आहे. व्याख्यात्याला आणायला गाडी पाठवायची, मग तो दीड तास बोलतो म्हणून शिव्याही आपणच खायच्या.

आधी माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. आई गेली त्या वर्षी मी त्यांचं नाव त्यांच्या भागातल्या एका संघात घातलं. वर्गणी भरली, पावती त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. ते दोनदा गेले. त्यानंतर रोज साडेचारला इस्त्रीचा शर्ट घालायचे, बूट चढवायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि साडेपाच वाजले की बूट काढून ठेवायचे. आम्ही म्हणायचो, दुःख ताजं आहे, वेळ लागेल. सात-आठ महिन्यांनी एकदा शेंगा सोलता सोलता ते सहज बोलून गेले, “तिथे मला बसायला जागा नव्हती गं.” हॉलमध्ये पन्नास खुर्च्या होत्या! झालं होतं असं, की ते पहिल्यांदा ज्या खुर्चीत बसले ती अण्णांची निघाली. “बसा हो, बसा, अण्णा आले की बघू.” अण्णा आले. दुसरीवर एका वहिनींनी पर्स ठेवली होती. तिसरी पंख्याखालची, म्हणजे अध्यक्षांची. कुणी वावगं बोललं नाही, सगळे हसूनच सांगत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन वेळा उठला. दुसऱ्या दिवशी जाऊन भिंतीशी उभा राहिला, आणि मग गेलाच नाही.

तुमच्या हॉलमध्ये खुर्च्या कोणाकोणाच्या आहेत, ते उद्या जरा बघा.

जॉन कॅसिओपो नावाचे शिकागोचे मानसशास्त्रज्ञ होते, २०१८ मध्ये वारले. त्यांनी एकाकीपणावर पुष्कळ काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की बराच काळ एकाकी राहिलेलं माणूस नकळत सावध होतं. समोरच्याच्या साध्या चेहऱ्यातही त्याला नापसंती दिसू लागते, मग ते अंग चोरतं, आणि लोकांना वाटतं की हा माणूस तुसडा आहे. शिकागोच्याच गटाने २०११ मध्ये एकाकीपणा कमी करण्यासाठीच्या उपक्रमांचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात नुसत्या गाठीभेटी घडवून आणण्यापेक्षा ‘मी कुणाला नकोच आहे’ हा मनातला समज हलवण्याच्या प्रयत्नांना जास्त यश आलेलं दिसलं. तुमचे पाचही कार्यक्रम गाठीभेटींचे आहेत. ते वाईट नाहीत, पण ज्याला आधीपासून चार माणसं आहेत त्याला ते आणखी चार देतात. त्यातून व्याख्यान! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून पुण्याला व्याख्यानांचा तोटा नाही. माझं त्यांच्यावर प्रेमही आहे. पण व्याख्यानाला साठ माणसं एका दिशेला तोंड करून बसतात आणि शेजारच्याशी बोललं तर मागचा ‘शूऽ’ करतो.

म्हणून माझी पहिली सूचना हजेरीपटाबद्दल आहे. तो उलटा करा. ११० मधून ६२ गेले, उरले ४८. या ४८ जणांची नावं विंगवार एका वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तो का येत नाही ते लिहायचा प्रयत्न करा. माहीत नसेल तर जागा कोरी ठेवा. पहिल्या दिवशी चाळीसेक जागा कोऱ्या राहतील आणि तिथेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळेल. त्या भरायला जाल तेव्हा काय काय सापडेल, त्याचा मला थोडा अंदाज आहे.

बऱ्याच जणांचे कान गेलेले असतील. सोसायटीचा हॉल म्हणजे गुळगुळीत टाइल्स, घरघरणारे पंखे, कर्कश माइक. कमी ऐकू येणाऱ्याला तिथे आवाज येतो, शब्द येत नाहीत. सगळे हसले की तोही हसतो, आणि तासाभराने डोकं धरून घरी जातो. यंत्र घेतलेलं असतं, पण ते कपाटात. कारण ते लावून पहिले काही आठवडे भांड्यावर चमचा आपटला तरी कानात घण बसतो, आणि ते परत नीट बसवून घ्यायला क्लिनिकमध्ये जावं लागतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत ऐकू न येणं आहे आणि माणसांत न मिसळणंही आहे. आमच्याकडे ही दोन्ही हातात हात घालून येतात. अशांना हॉलमध्ये बोलावूच नका. कुणाच्या तरी घरी, पडदे-गालिचा असलेल्या खोलीत, टीव्ही बंद करून चौघांनी टेबलाभोवती बसा.

दुसरं कारण तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. संडास-बाथरूम. प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस जिथे जवळ सोय नाही तिथे फिरकत नाही. बायकांचं आणखी अवघड. खोकलं, हसलं, जोरात श्वास सोडला की लघवीचे थेंब येतात. मग त्या ‘कपालभाती मला झेपत नाही’ म्हणतात आणि सहलीला ‘गुडघे’ म्हणतात. तुमचं क्लबहाउसचं टॉयलेट कुलूपबंद असतं का? किल्ली कोणाकडे असते? सहलीच्या बसऐवजी एकदा मेट्रोने जाऊन बघा. वनाजहून बसायचं, जिल्हा न्यायालय स्टेशनला बदलायचं, मंडईला उतरायचं, भाजी घेऊन परत. लिफ्ट आहे, टॉयलेट आहे, आणि कंटाळा आला तर कुठूनही मागे फिरता येतं. अष्टविनायकाच्या बसमध्ये तसं करता येत नाही.

आता वाढदिवस. तुमच्याकडे ज्याचा वाढदिवस, तो सामोसे देतो की नाही? बहुतेक संघांत देतो. ६२ प्लेट. तुम्ही बँकेतले, तुम्हाला पेन्शन आहे. खाजगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांचं ईपीएस-९५ या भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतलं किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. कोथरूडमध्ये फ्लॅट आहे म्हणजे खिशात पैसे आहेत असं नाही. फ्लॅट मुलाचा असतो, आणि सामोशांसाठी सुनेकडे पैसे मागायचे नसतात. हा रिवाज एका सर्क्युलरने बंद करा. महिन्याचे सगळे वाढदिवस एकाच दिवशी, खर्च संघाचा.

आणि हळदीकुंकू. सेक्रेटरीसाहेब, साठीच्या पुढच्या बायकांचा कार्यक्रम आणि त्यात हळदीकुंकू, म्हणजे निम्म्या जणींना जिना चढायच्या आधीच परत पाठवणं. तुम्ही म्हणाल, आम्ही सगळ्यांनाच बोलावतो. बोलावत असाल. पण जिचा नवरा गेलाय तिला त्या शब्दातच कळतं की कुंकवाचं बोट आपल्यापाशी आल्यावर अडखळणार आहे. ते अडखळणं तिला सगळ्यांसमोर नको असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जमलं ते कोथरूडला जमू नये? तिळगूळ समारंभ म्हणा, सगळ्यांना एकच वाण द्या.

सगळ्यात एकट्या बायका मात्र वेगळ्याच असतात. त्यांचे नवरे जिवंत आहेत, घरातच आहेत, पण अंथरुणावर. पक्षाघात, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश. अशी बाई भाजी आणायला वीस मिनिटं बाहेर पडते आणि पळत परत येते. तिला कार्यक्रमाची पत्रिका देणं ही थट्टा आहे. तिच्याकडे आठवड्यातून एकदा संघातला एखादा माणूस दोन तास नवऱ्यापाशी बसायला पाठवा. तिने त्या दोन तासांत काय करायचं ते विचारूही नका. ओळखीची एक बाई अशा वेळात नुसती कर्वे पुतळ्यापर्यंत चालत जाऊन यायची. म्हणायची, कुणी हाक मारत नाही हेच केवढं आहे.

राहिले नातवंडांच्या ड्यूटीवरचे. त्यांची शाळेची बस तुमच्या कार्यक्रमाच्या वेळेलाच येते, तेव्हा वेळ बदला. आणि लातूर-सांगलीहून मुलाकडे राहायला आलेले, ज्यांना वाटतं की इथले लोक शुद्ध बोलून आपल्याला तपासतात. (तपासतात.)

या सगळ्यांना काढून जे उरतील, त्यांच्यात तुमचे बी विंगवाले बसतात. कान ठीक, पैसे ठीक, तरी ‘बघू’. अशा पुरुषांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात एक युक्ती निघाली, ‘मेन्स शेड’. एक शेड, थोडी हत्यारं, आणि दुरुस्तीची कामं. पुरुष समोरासमोर बसवले तर गप्प राहतात, शेजारी शेजारी काहीतरी करत असले की बोलतात, हे त्यामागचं साधं सूत्र. तुमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक टेबल टाका, रविवारी सकाळी दोन तास. मिक्सरचे कार्बन, कुकरच्या शिट्ट्या, मोडक्या छत्र्या. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं काढलेली माणसं कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना ‘या, बसा, मन रमेल’ म्हणण्यापेक्षा ‘हा पंखा आवाज करतोय, जरा बघता का?’ म्हणून पाहा. इथे ‘बघू’चा अर्थ बदलतो.

पण प्रत्येक जण मिस्त्री नसतो, आणि इथे मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. तुमच्या पत्रात त्या गृहस्थांचं वय आहे, विंग आहे, मुलाचा देश आहे. आयुष्यभर ते काय करायचे, हे नाही. पाच वेळा त्यांच्या दारात उभे राहिलात आणि एवढं कळलं नाही, कारण दर वेळी तुमच्या हातात पत्रिका होती. आता जाल तेव्हा काही घेऊन जाऊ नका. फळं तर नकोच, फळं घेऊन माणूस आजाऱ्याकडे जातो. एखादं काम घेऊन जा, खरं काम. ते हिशेबाचे असतील तर संघाचा जमाखर्च डोळ्यांखालून घालायला द्या, मास्तर असतील तर वॉचमनच्या मुलाचं गणित. माहीत नसेल तर तेच विचारा, आणि मग गप्प बसा. चहाला हो म्हणा. दहा मिनिटांत उठा. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळी पुन्हा जा. हा ठरलेला वार महत्त्वाचा. घरात एकटा असलेल्या माणसाला मंगळवार आणि शुक्रवार सारखेच असतात, निदान एका वाराला चेहरा येऊ दे.

एक वेगळी शक्यताही ध्यानात ठेवा. जेवण सुटलंय, पहाटे तीनला जाग येते, पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहतो, बोलण्यात ‘आता कशाला’ सारखं येतं, असं दिसलं तर ते एकाकीपणाच्या पुढे गेलेलं नैराश्य असू शकतं. त्यावर सोबतीने भागत नाही, डॉक्टर लागतो आणि औषधाने बरं वाटतंही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी, अगदी घरातल्या छळाच्या तक्रारीसाठीही, एल्डर लाइन आहे, १४५६७. दोन्ही नंबर लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. लिफ्टमध्ये कारण तिथे माणूस एकटा असतो आणि वाचायला दुसरं काही नसतं.

आणि या ४८ जणांत चार-पाच जण असे निघतील की ज्यांना खरोखरच तुमची गरज नाही. पुस्तकं, रियाज, टेकडी, एक जुना मित्र, एवढ्यात ते भरलेले असतात. एकांत आणि एकाकीपण हे दोन शब्द मराठीत उगाच वेगळे नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘ठीक’ लिहा आणि पाठ सोडा. एकाकीपण ही काही म्हाताऱ्यांची मक्तेदारीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातला दर सहावा माणूस एकाकीपणाने ग्रासलाय, आणि तरुणांत हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आहे. तुमच्याच सोसायटीत भाड्याने राहणारी आयटीतली पोरं असतील. त्यांनाही रविवारच्या टेबलापाशी मोडक्या छत्र्या घेऊन येऊ द्या.

‘ठीक’वाल्यांसह सगळ्यांना लागू असलेली गोष्ट मात्र एकच, त्या अकरा वाजेपर्यंतच्या तासांची. पडण्यापेक्षा पडून राहणं पुष्कळदा जास्त घातक ठरतं. शरीरातलं पाणी कमी होतं, दाबल्या गेलेल्या स्नायूंचा मारा मूत्रपिंडावर येतो. यासाठी महागडी यंत्रं नकोत. सगळ्या पुण्यात रोज सकाळी ‘शुभ सकाळ’चे गुलाब फिरत असतात, त्यांना कामाला लावा. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाची एक जोडी लावा. आठपर्यंत गुलाब आला पाहिजे. साडेआठला फोन. पावणेनऊला दारावर. व्हॉट्सॲप नसेल त्याने मिस्ड कॉल द्यायचा. जादा किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे, आणि बाथरूमला आतून कडी लावायची नाही. हे शेवटचं पटवायला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागेल. एकटं राहणारा माणूससुद्धा कडी लावतो, सवयीने.

आता ते ४०,००० रुपये. कराओकेवर माझा राग नाही, माझी बहीण दर शनिवारी गाते आणि शेजारी सहन करतात. पण गाणाऱ्याला श्रोते आधीच मिळालेले असतात. या पैशांतून आधी ज्यांना हवेत त्यांच्या बाथरूममध्ये पकडायचे दांडे चांगल्या माणसाकडून बसवून घ्या. नुसते चिकटवलेले नकोत, भिंतीत स्क्रूने पक्के केलेले. मग हॉलसाठी हातांच्या दहा खुर्च्या घ्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्याला बिनहातांच्या खुर्चीतून उठता येत नाही, म्हणून तो बसायचंच टाळतो. त्या दहा कोणाच्याही नाहीत, असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. उरलेल्या पैशांत माइक घ्या आणि गा.

कमिटीतल्या ज्यांनी ‘हाताला धरून आणायचं का’ विचारलं, त्यांना सांगा की हो, पहिल्या तीन वेळा तरी. एकच माणूस ठरवायचा, त्याने त्यांच्या दारातून न्यायचं, शेजारी बसायचं आणि दारापर्यंत परत सोडायचं. वर्गात नवीन पोर आलं तर आपण हे करतोच की.

तुमची,
ताई

ता. क. त्या कचरा घेणाऱ्या ताईंबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे. संघातर्फे त्यांना कुणी भेटलं का? पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या बायका २००८ पासून महापालिकेशी करार करून हे काम करताहेत. तुमच्या ताई त्यांच्यातल्या असोत की सोसायटीने नेमलेल्या, कोणत्या दारात कालची पिशवी तशीच आहे हे बी विंगमध्ये त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. तुमच्या सकाळच्या यादीत त्यांचा नंबर सगळ्यात वर लिहा, त्यांच्या मोबाइलचा रिचार्ज संघाच्या खर्चातून करा, आणि त्यांचं नाव काय ते मला पुढच्या पत्रात कळवा.